गजभिये ताईंची अलमारी

प्रमिला गजभिये कॉम्प्युटर सुरू करण्याआधी हात धुवायच्या. साबण लावून, मनगटापर्यंत. तसं त्याला कारणही होतं. आमचं ऑफिस जबलपूरच्या गढा भागात एका आटाचक्कीच्या वर होतं. सकाळी चक्की सुरू झाली की जिन्याच्या कठड्यापासून टेबलांपर्यंत सगळ्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. कीबोर्डवर आम्ही जुन्या साड्यांचे तुकडे झाकून ठेवायचो. पण चक्की बंद असेल त्या दिवशीही ताई हात धुवायच्याच. मी एकदा विचारलं, तेव्हा टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "पुस्तकाले हात लावून राहिलो ना आपण."

पुस्तक तिथे एकही नव्हतं. दोन खोल्या होत्या, काही कॉम्प्युटर होते आणि इंटरनेटवरची एक फुकट लायब्ररी होती, शाळेतल्या शिक्षकांसाठी. धडा शिकवायच्या युक्त्या, घरच्या वस्तूंतून करायचे विज्ञानाचे प्रयोग, नकाशे, छापून वाटायचे कागद, ऐकायच्या गोष्टी. कुणी काही पाठवलं की ते तपासायचं, दुरुस्त करायचं, त्याला नीट नाव द्यायचं आणि साइटवर ठेवायचं. मग कुणीही यावं आणि घेऊन जावं. स्मार्टफोन नुकते गावोगावच्या मास्तरांच्या हाती आले होते, तेव्हाची ही गोष्ट. लायब्ररीला कागदोपत्री एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ताई तिला अलमारी म्हणायच्या, आणि पुढे आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो.

मी तिथे टायपिंग आणि भाषांतरासाठी लागले होते. ताई माझ्या आधीपासून होत्या. सरकारी शाळेतून विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि महिनाभरात या खोलीत येऊन बसल्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, सुती साडी आणि पायांत पोरांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. टाचा दुखतात म्हणून. वडील भंडाऱ्याकडून इथे फॅक्टरीत कामाला आले ते इथलेच झाले. ऑफिसात सगळे त्यांना दीदी म्हणत. मी मराठी घरातली, म्हणून मला ताई. आम्ही दोघीच असलो की त्या नागपुरी वळणाची मराठी बोलायच्या, आणि दारात तिसरं कुणी दिसलं की वाक्य मध्येच हिंदीत वळायचं. त्यांना स्वतःला ते कळायचंही नाही.

साइटवर काही टाकायचं याला त्या 'चढवणं' म्हणत आणि काढून टाकायचं याला 'उतरवणं'. काहीही चढवण्याआधी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. कोणाचं आहे? कोणासाठी आहे? करून पाहिलं का?

पहिल्या प्रश्नावरच निम्मा माल परत जायचा. कुणी एखाद्या पुस्तकाची पानं फोटो काढून पाठवलेली असत, कुणी दुसऱ्याच्या कविता. ताई फोन लावायच्या. "भैया, बहुत अच्छा है, पर ये आपने लिखा है क्या? नहीं? तो जिसने लिखा उससे पूछ लो, हम रुकते हैं।" आणि खरंच थांबायच्या. आमचे संचालक दुबेजी कातावायचे. सज्जन माणूस, पण देणगीदारांना दर तीन महिन्यांनी आकडे दाखवायचे असत त्यांना. ते म्हणत, "दीदी, फ्री की चीज़ में कौन पूछता है?" ताई म्हणत, "फ्री हम दे रहे हैं दुबेजी। उसका है तो वो देगा।"

तिसऱ्या प्रश्नामुळे आमच्या ऑफिसची अवस्था विचित्र झाली होती. प्रत्येक प्रयोग ताई स्वतः करून बघायच्या. खिडकीत मोड आलेल्या मुगाच्या वाट्या, पंख्याला टांगलेले लंबक, दुबेजींच्या खुर्चीवर वाळत ठेवलेलं कागदाच्या लगद्याचं माकड. दुबेजी एकदा त्यावर बसले. ताईंनी माकड उचललं, नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लिही वैशाली, सुकायला दोन दिवस पुरत नाही. चार लागते."

नावांवरून तर रोज खटका उडायचा. लोक फायलींना काहीही नावं देत. मी 'प्रकाशाचे अपवर्तन' असं शुद्ध नाव टाइप केलं की ताई मागे उभ्या राहून वाचायच्या.

"मास्तर काय लिहून शोधेल?"

"अपवर्तन."

"काहून? दिवसभर शिकवून थकून घरी आला, उद्याचा धडा पाहून राहिला, पोट्टा मागून शर्ट ओढून राहिला. त्याले अपवर्तन आठवते काय? तू खाली लिही, पाण्यात पेन्सिल वाकडी काहून दिसते. हिंदीतही लिही. चुकीच्या स्पेलिंगनंही लिही."

मी चुकीच्या स्पेलिंगनंही लिहायचे.

सोमवारची सकाळ त्यांच्या विशेष आवडीची. आदल्या आठवड्यात लोकांनी साइटवर काय काय शोधलं आणि कशाला उत्तर मिळालं नाही, ते शब्द पडद्यावर दिसायचे. मी मोठ्यानं वाचायचे आणि ताई डोळे मिटून ऐकायच्या. 'भाग देना बच्चा रोता है.' 'लड़की क्लास में बोलती नहीं.' 'एक कमरा पाँच क्लास मास्टर अकेला.' आम्ही सुरुवातीला हसायचो. ताई हसायच्या नाहीत.

"हे शोधून नाही राहिले," त्या म्हणाल्या. "हे सांगून राहिले. सांगायला दुसरं कोणी नसंल."

त्या 'एक कमरा पाँच क्लास'च्या मागे त्या हात धुऊन लागल्या. चार ठिकाणी फोन केले. डिंडोरीकडच्या एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांचा पत्ता लागला, ज्यांनी जन्मभर एकाच खोलीत पाच वर्ग सांभाळले होते. त्यांना ऑफिसात बोलावलं, समोर चहा आणि बिस्किटं ठेवली आणि माइक लावला. मास्तर संकोचले. म्हणाले, यात सांगण्यासारखं काय आहे. मग बोलायला लागले ते थांबेनात. कुठल्या वर्गाचं तोंड कोणत्या भिंतीकडे ठेवायचं, मोठ्या पोरांना धाकट्यांचे मास्तर कसं करायचं, आपण आजारी पडलो तर काय. ताईंनी ते जसंच्या तसं चढवलं आणि नाव दिलं, 'एक कमरा, पाँच क्लास, मास्टर अकेला'. अलमारीतली सगळ्यात जास्त ऐकली गेलेली गोष्ट तीच ठरली.

एवढा जीव का लावतात असं मला वाटायचं. त्याचं उत्तर एकदा डबा खाताना मिळालं. त्यांच्या लहानपणीच्या शाळेत पुस्तकांची एक काचेची अलमारी होती. कुलूप कायम लावलेलं. पुस्तकं खराब होतात म्हणून. मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून पाठीवरची नावं वाचायच्या. "नावं सगळी पाठ झाली होती मले," त्या म्हणाल्या. "आतमधी काय आहे ते मोठी झाल्यावर समजलं. काही तर अगदीच बेकार निघाले." आणि भाजीत पोळी बुडवून पुढचं खाऊ लागल्या.

अलमारीत मराठीचा एक कप्पा असावा हा त्यांचाच हट्ट. दुबेजी म्हणाले, इथे मराठी कोण वाचणार. ते खोटं नव्हतं. आमच्याच घरातल्या पोरांना मराठी समजायची, बोलायची वेळ आली की हिंदी तोंडात यायची. ताई म्हणाल्या, "वाचणार नाहीत, ऐकतील." त्यांच्या गल्लीत भोयर आजी म्हणून होत्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडून त्यांनी गोष्टी सांगून घेतल्या. एका चिमणीची गोष्ट होती, जिला लग्नात जायचं असतं आणि लुगडंच सापडत नाही. आजी ती तोंडभर वऱ्हाडी बोलीत सांगायच्या. मध्येच खोकायच्या, मध्येच सुनेला हाक मारून गॅस बंद केला का विचारायच्या. मी म्हटलं, तेवढं कापू या. ताई म्हणाल्या, "राहू दे. गोष्ट अशीच सांगते माणूस."

ते रेकॉर्डिंग चढलं. पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईंच्या मुलीचं बाळंतपण होतं. ताई नागपूरला गेल्या आणि महिनाभर तिथेच राहिल्या. नेमकं तेव्हाच देणगीदारांची पाहणी ठरली. दुबेजींनी हंगामी माणसं बसवली आणि पडून असलेला सगळा माल घाईघाईनं चढवून टाकला. त्यात एक प्रयोग होता, पाणी आपोआप गरम कसं होतं ते दाखवणारा. कळीचा चुना पाण्यात टाकायचा होता, आणि कागदावर लिहिलं होतं की बाटलीचं झाकण लावून हलवा. कुणी करून पाहिलं नव्हतं.

ताई परतल्या आणि काही दिवसांत एक फोन आला. मी उचलला. कुंडमच्या पुढच्या एका गावातले मरावी नावाचे शिक्षक बोलत होते. तरुण आवाज, फार हळू. त्यांनी आमचा कागद पाहून वर्गात प्रयोग केला होता. बाटली फुटली. सुमन नावाच्या एका मुलीच्या डोळ्यांत चुन्याचं पाणी गेलं. "मैडम, मैं शिकायत नहीं कर रहा हूँ," ते म्हणाले. "बस वो काग़ज़ हटा दीजिए, कोई और न कर ले।"

मी ताईंना सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग तो कागद उघडून शेवटपर्यंत वाचला, आधी साइटवरून तो प्रयोग उतरवला आणि उठल्या. "चल," त्या म्हणाल्या. "बस किती वाजता आहे?"

बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही तर तेव्हा नागपुरात होतात."

"हो."

"मग तुमचा काय दोष?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "त्या पोरीच्या मायले काय सांगू? मी सुट्टीवर होती म्हणून?"

गावात पोचलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली होती. मरावी सर भिंतीला टेकून उभे होते, चेहरा उतरलेला. त्यांना हटवा, पोलिसांत द्या, अशी बोलणी चालली होती. एक जण म्हणाला, मोबाईल बघून बघून शिकवतो हा, म्हणून झालं. ताई बूट काढून व्हरांड्यात चढल्या. कुणीतरी विचारलं, आपण कोण.

"मैं जबलपुर से आई हूँ," त्या म्हणाल्या. "वो काग़ज़ हमारे यहाँ का है। मास्टरजी ने अपने मन से कुछ नहीं किया। जाँचना हमारा काम था, हमने जाँचा नहीं। जो कहना है, मुझे कहिए।"

मग लोकांनी म्हटलं. खूप म्हटलं. शहरातल्या लोकांनी आमच्या पोरांवर प्रयोग करावेत का, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. ताई उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. डोळे पुसले नाहीत, हात जोडले नाहीत. सगळे दमल्यावर त्यांनी विचारलं, "बच्ची कहाँ है?"

सुमन घरात होती, डोळ्यांवर ओला फडका ठेवून. नऊ-दहा वर्षांची. मरावी सरांनी त्या वेळी तिचे डोळे हापशाखाली धरून भरपूर पाण्यानं धुतले होते आणि जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. पण तिथल्या डॉक्टरनं जबलपूरला दाखवा म्हणून सांगितलं होतं आणि ते कसं जमवायचं याच विचारात आई होती. ती ताईंना एवढंच म्हणाली, "दिखेगा न इसको?"

"पता नहीं," ताई म्हणाल्या. "आज ही चलते हैं।"

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे एका जीपमधून जबलपूरला आलो. मायलेकी ताईंच्या घरी राहिल्या, उपचार संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भांडण झालं. दुबेजी रात्रभर झोपले नसावेत. कागद उतरवला आहे, आता विषय वाढवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. बाहेर कळलं तर संस्था बंद होईल. ताईंचं म्हणणं वेगळं होतं. कागद नुसता उतरवून भागणार नाही. ज्यांनी तो आधीच छापून घेतला आहे, त्यांना कसं कळणार? तो आपल्या हातून गेला, आता कुठल्या शाळेत कुठल्या भिंतीवर चिकटवला असेल. त्याच जागी मोठ्या अक्षरांत लिहायचं की हा प्रयोग करू नका, तो आमच्या चुकीनं चढला होता, त्यानं एका मुलीला इजा झाली आहे.

"इजा झाली, असं लिहायचं?" दुबेजींनी हिंदीत विचारलं. "आपण स्वतःच?"

"हाँ."

"नौकरी जाएगी, दीदी। आपकी भी।"

"जाएगी तो जाएगी. मुझे तो वैसे भी पेंशन है," ताई म्हणाल्या, आणि मग थोड्या नरमल्या. "आपकी नहीं जानी चाहिए, ये मैं समझती हूँ। पर दुबेजी, वो काग़ज़ अभी भी बाहर घूम रहा है।"

दुबेजी आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ताईंनी मजकूर मला सांगितला, मी टाइप केला. चढवण्याआधी त्या उठून दुबेजींना दाखवायला गेल्या. मला वाटलं आता परत आवाज चढतील. तसं काही झालं नाही. थोड्या वेळानं दुबेजी स्वतः माझ्या टेबलापाशी आले, पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला आणि म्हणाले, "नीचे मेरा नाम लिखो। निदेशक। चढ़ाया तो मैंने था।"

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही फोनच करत होतो. कोणी कागद घेतला याची आमच्याकडे काही नोंद नव्हती. म्हणून ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला, त्यांच्या ओळखीच्यांना, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मोबाईलवरच्या गटांना सांगत सुटलो. बरेच जण रागावले. काही जणांनी परत कधी तुमचं काही वापरणार नाही म्हणून सांगितलं. सिवनीकडच्या एका बाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या टेबलाच्या काचेखाली तोच कागद आहे, येत्या शनिवारी करणार होते. ताईंनी फोन ठेवला आणि उठून खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली चक्कीवर दळण घ्यायला आलेल्या बायकांचे आवाज येत होते. मग त्या वळल्या आणि पुढचा नंबर मागितला.

संस्था बंद पडली नाही. देणगी कमी झाली, एवढंच. आणि एक गोष्ट कुणालाही अपेक्षित नसताना घडली. शिक्षक चुका कळवू लागले. या नकाशात नदी उलटी वाहते, त्या गणितात उत्तर चुकलं आहे. ताई प्रत्येकाला फोन करून आभार मानायच्या, आणि फोन ठेवल्यावर नदी ज्यानं उलटी वाहवली त्याला नागपुरी भाषेत चार शब्द बोलायच्या.

सुमनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. दिवसभर तिला करायला काही नव्हतं, म्हणून ताईंनी आपला मोबाईल तिच्या हाती दिला होता. अलमारीतल्या ऐकायच्या गोष्टी तिनं एकामागून एक संपवल्या. मी एकदा संध्याकाळी ओमतीच्या बाजारातून औषधं घेऊन गेले तर घरात भोयर आजींचा आवाज येत होता. चिमणीची गोष्ट. आजी खोकल्या, सुनेला गॅसचं विचारलं, आणि पट्ट्या बांधलेली ती मुलगी हसली.

"तुला मराठी समजते?" मी हिंदीत विचारलं.

"नहीं."

"मग?"

"ये दादी अच्छी है," ती म्हणाली.

महिन्याभरानं पट्ट्या निघाल्या. एका डोळ्यानं पूर्ण दिसू लागलं, दुसऱ्यानं धूसर. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं, लगेच पाणी मारलं म्हणून वाचलं. ताईंनी ते मरावी सरांना फोनवर शब्द न शब्द सांगितलं. पाणी तुम्ही मारलंत म्हणून. मरावी सर शाळेत टिकले. सुमन गावी परत गेली, आणि जाताना तिच्या आईनं ताईंचे हात आपल्या हातांत घेतले. क्षमा केली असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि ताईंनाही तसं वाटत नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला भोयर आजींच्या थोरल्या मुलाचा फोन आला. ते पुण्याला मोठ्या हुद्द्यावर होते. कुणा नातेवाइकानं त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. आईचं ते गावठी बोलणं, खोकणं, गॅसचं विचारणं, सगळं जगासमोर. लोक हसतात. काढून टाका. फोन स्पीकरवर होता आणि माझे कान तापले. ताई एवढंच म्हणाल्या, "हो जी. आजच उतरवतो." आणि पाचच मिनिटांत उतरवलं.

"एवढ्या लवकर?" मी म्हटलं. "आजींनी तर स्वतः खुशीनं सांगितलं होतं."

"आता आजी नाही. त्यांच्या पोराचंच आहे ते."

"सांगायचं तरी, ती मुलगी किती ऐकायची."

"काहून? त्याले वाईट वाटावं म्हणून?"

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं आहे असं नाही. पण आवाज ताईंनी आपल्याजवळ जपून ठेवला होता.

पुढच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ जिना चढून वर आले. पँटला पिठाचे डाग लागले होते. भोयर आजींचा मुलगा म्हणून त्यांनी ओळख सांगितली. गल्लीतलं घर विकून टाकायचं ठरलं होतं, त्या कामाला आले होते. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "ते आईचं रेकॉर्डिंग. तुमच्याकडे आहे का अजून? माझ्याजवळ तिचा आवाज कुठेच नाही."

ताईंनी कॉम्प्युटरवर फाईल उघडली, हेडफोन त्यांना दिला आणि मला खूण केली. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ गेला. ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी विचारलं, "हे कोणी ऐकायचं का, काढायच्या आधी?"

तेव्हा ताईंनी सांगितलं. थोडक्यात, जेवढं विचारलं तेवढंच. "एक पोरगी ऐकत होती. डोळे बांधले होते तिचे. तिले मराठी येत नव्हती."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या. मग जिन्याकडे गेले, दोन पायऱ्या उतरले आणि तिथूनच वर बघून म्हणाले, "चढवा तुम्ही. गॅसचं वगैरे कापू नका."

चार वर्षांनी संस्थेची देणगी संपली. अलमारी एका मोठ्या संस्थेकडे द्यायचं ठरलं. त्यांच्या माणसांना सगळं एका दिवसात आपल्याकडे ओढून घ्यायचं होतं. ताईंनी त्यांना बसवलं आणि महिनाभर एकेक गोष्ट समजावून हवाली केली. ही कोणाची, कोणासाठी, यात काय सांभाळायचं. ती माणसं आधी वैतागली, मग गुंतली. शेवटच्या दिवशी दुबेजींनी चक्कीवाल्यासकट सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घातली. माझ्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि माझं जबलपूर सुटलं.

ताईंशी फोनवर बोलणं व्हायचं. नागपुरात राहून माझी मराठी सुधारली का, असं त्या विचारायच्या, आणि मी बोलले की हसायच्या. त्यांची मुलगी त्यांना नागपूरला बोलवायची. त्या म्हणायच्या, येतो, येतो. आल्या नाहीत.

ताई वारल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी भाच्याच्या लग्नाला जबलपूरला गेले होते. परतीच्या दिवशी दुपारी सराफ्यात नणंदेचे पैंजण घ्यायला गेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, मधून स्कूटर. एका जुन्या दुकानाच्या ओट्यावर मला कॅनव्हासचे बूट दिसले. वर पाहिलं तर ताई. आधीपेक्षा बारीक झाल्या होत्या, केस पांढरेशुभ्र. समोर एक म्हातारा सोनार तोंडात फुंकणी धरून दिव्याच्या ज्योतीवर चांदीचा जोड तापवत होता आणि मधे मधे फुंकणी काढून काहीतरी समजावून सांगत होता. ताईंनी मोबाईल त्याच्या हातांवर रोखून धरला होता. कोणी सांगितलं होतं हे काम, कुणासाठी चाललं होतं, मला माहीत नाही. संस्था तर केव्हाच संपली होती.

मी हाक मारली. त्यांनी मान न वळवता डावा हात माझ्याकडे वर केला. थांब, आवाज नको.

मी थांबले. सोनार थोडं बोलायचा, पुन्हा फुंकायचा. जोड लाल झाला, मग चकाकला. ताई जरा पुढे वाकल्या, त्यांच्या चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड पडला. माझ्या पर्समध्ये दिराचा फोन नुसताच थरथरत होता, गाडीची वेळ झाली होती, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी आणखी थोडा वेळ थांबले. मग पावलांचा आवाज न करता मागे सरले. गल्लीच्या वळणावरून मी एकदा वळून पाहिलं. ताई तशाच वाकलेल्या होत्या, आणि तो हात अजून वर होता.